बिल कोणी आणेना

अमेरिकेच्या उत्तरेला, आमच्या मिनेसोटात हॉटेलात बिल मागावं लागत नाही. शेवटचा घास तोंडात असतानाच वाढणारी बाई ते टेबलावर उपडं ठेवते आणि "घाई नाही हं" म्हणून निघून जाते. घाई आहे, हे सगळ्यांना कळतं. आणि चुकून ते आलंच नाही, तरी आम्ही मागत नाही. मागणं म्हणजे त्या बाईला कामचुकार म्हणणं. आम्ही ताटल्या एकावर एक रचतो, टेबल पुसतो, टोप्या घालतो, घसा खाकरतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरणार नाही. मेक्सिकोतल्या मेरिदात त्या सोमवारी जे झालं ते या सवयीपायीच झालं. या सवयीला मी जन्मभर शिव्या घातल्या आहेत, त्यामुळे तिचा एवढा एक उपकार तरी कबूल करायला हवा.

आम्ही तिघं. मी लोवेल, टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात शीतगृहाची यंत्रं सांभाळतो. माझी बायको सिग्ने गावच्या वाचनालयात असते. आणि आमचा ओटो, साडेतीन वर्षांचा. फेब्रुवारीत आमच्याकडे बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलेला असतो आणि माणसं एकमेकांवर विनाकारण खेकसत असतात. अशा वेळी आठ दिवस मेक्सिकोत जायचं, उन्हात बसायचं आणि कोणीतरी रांधलेलं गरम खायचं, हे सिग्नेचं चार वर्षांपासूनचं स्वप्न. ओटो पोटात होता तेव्हाच तिने फ्रिजवर मेरिदाचा नकाशा चिकटवला होता. तो इतका जुना झाला की त्याच्यावर ओटोने दोनदा रंगकाम केलं.

पण ओटो चारच गोष्टी खातो. लोण्यातल्या शेवया, चीज, साल काढलेलं सफरचंद आणि एका ठरावीक पाकिटातली गोल खारी बिस्किटं. या चारही गोष्टी ताटात एकमेकींना शिवता कामा नयेत. चीज शेवयांना लागलं की दोन्ही बाद. सोवळं-ओवळं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं मला माहीत नाही. माझी सासू मार्लिस म्हणते, भूक लागली की खाईल. तिला हे म्हणायला काय जातं, ती तीनशे मैलांवर राहते.

जानेवारीत दवाखान्यातल्या नर्सने त्याच्या वजनाच्या तक्त्यावर बोट ठेवलं. जी रेघ वर चढायला हवी होती ती आडवी पडली होती. नर्स वाईट काही बोलली नाही, आमच्याकडे कोणी बोलतच नाही. "हं, बघू या," एवढंच म्हणाली. त्या "हं"मुळे सिग्ने दोन रात्री झोपली नाही.

मेरिदात शनिवारी उतरलो तेव्हा पिशवीत बिस्किटांची तीन पाकिटं होती. दोन दिवस त्याने दुसऱ्या कशाला हात लावला नाही. रविवारी आम्ही चौकातल्या एका चांगल्या हॉटेलात गेलो, आमच्या जेवणाच्या वेळेला, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला. तिथल्या लोकांनी अजून चूलही पेटवली नव्हती, पण बिचाऱ्यांनी आम्हाला बसवलं. शेवया मिळाल्या. लोण्यातल्याच मिळाल्या. आणि वरून कोणीतरी प्रेमाने कोथिंबीर भुरभुरली होती.

ओटो फरशीवर आडवा झाला आणि त्याने जे भोकाड पसरलं ते चौकापलीकडच्या चर्चपर्यंत गेलं असणार. झटापटीत एक पेला फुटला. सिग्ने गुडघ्यांवर बसून ओल्या टिश्यूने कोथिंबीर आणि काचा वेचत राहिली. दोन वाढपी "बाई, राहू द्या, बाई, उठा" म्हणून विनवत होते आणि ती मान खाली घालून "सॉरी, सॉरी" म्हणत होती. मला माझ्या बायकोला तसं बघवेना. पण मी तरी काय केलं? मीही दुसऱ्या बाजूने वाकून वेचायला लागलो.

खोलीवर आल्यावर तिने उरलेली बिस्किटं मोजली. अकरा होती.

"उद्या दुपारी तो जेवला नाही, तर मी तिकिटं बदलणार," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मला बरं वाटलं असतं.

"अगं, सहा दिवस उरलेत अजून."

"सहा दिवस त्याला काय घालू? हवा?" मग बराच वेळ ती पाकिटाचं तोंड दुमडत बसली. "दुसऱ्यांची मुलं खातात रे. माझ्याच हातून काहीतरी चुकलंय."

यावर नवऱ्याने काहीतरी चांगलं बोलायला हवं. मी म्हणालो, "तसं वाईट नाही चाललंय." हे आम्ही बाळंतपणापासून अंत्यविधीपर्यंत सगळ्याला म्हणतो. तिने दिवा मालवला. मला स्वतःचा राग आला आणि तिची फार दया आली, आणि दोन्हींचा तिला काही उपयोग नव्हता.

सोमवारी सकाळी ओटोने चार बिस्किटं खाल्ली. सात उरली.

आमच्या खोलीमागच्या गल्लीत दोन्या गेल्मींची खानावळ होती. मेणकापडाची सहा टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक उभा पंखा आणि थंड पेयांचा काचेच्या दाराचा फ्रिज. दोन्या गेल्मी साठीच्या पुढच्या, भरतकामाचा पांढरा झगा घातलेल्या, दारातच मुळे चिरत बसल्या होत्या. त्यांचे भाऊ दोन विल्बर्थ वाढायचं काम बघायचे. तिकडे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी आदराने "दोन्या" लावतात आणि पुरुषाच्या नावाआधी "दोन". मोठ्या मिशा, संथ चाल, आणि हातात कितीही ताटल्या असल्या तरी बेसबॉलवरची बडबड चालू. सिग्नेने साडेबाराची वेळ मुद्दाम निवडली होती. तेव्हा तिथे कोणी जेवत नाही. बघणारे जितके कमी तितकं बरं, असा तिचा हिशोब.

त्या गावात सोमवारी घरोघरी काळा घेवडा आणि डुकराचं मटण शिजतं. दुसरं काही मागण्यात अर्थ नसतो. मी कारखान्यात शिफ्टवरच्या मेक्सिकन मंडळींकडून त्यांची भाषा बऱ्यापैकी शिकलो आहे. शेवया मिळतील का, असं विचारलं. दोन विल्बर्थना खरंच वाईट वाटलं. शेवया नव्हत्या, भात होता. आपण छोट्या साहेबांसाठी खास वाढून आणतो म्हणाले.

आणि आणलं. छोट्या वाडग्यात तळाशी भात, त्यावर काळाभोर घेवडा, त्यावर मटण, त्यावर मुळा-कांदा-कोथिंबीर, आणि वरून लिंबू पिळलेलं. माणसाने यापेक्षा जास्त माया कशी दाखवायची? आमच्यापुढेही तेच, फक्त वाडगे मोठे.

ओटोने वाकून बघितलं. "सगळं सगळ्याला लागलंय," तो म्हणाला, आणि वाडगा सरकवला. थोडा जास्तच सरकवला. निम्मं जेवण खाली गेलं.

सिग्ने टिश्यू घेऊन खाली बसली. दोन्या गेल्मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघत राहिल्या. मग सिग्नेने पिशवीतून सात बिस्किटं काढली, ताटलीत एकमेकांपासून लांब लांब मांडली, आणि त्याने ती एकेक करून खाल्ली. शेवटचं तोंडात टाकून त्याने रिकाम्या पाकिटात डोकावून पाहिलं. मी माझा वाडगा पुसून खाल्ला, इतकं सुंदर जेवण मी वर्षात जेवलो नव्हतो. सिग्नेही जेवली, पण तिला चव कळली असेल असं वाटत नाही.

"झालं तर मग," ती म्हणाली. "आता बिल घेऊ या आणि निघू. हा फार तर आणखी दहा मिनिटं धीर धरेल."

आम्ही ताटल्या रचल्या. टेबल पुसलं. मी टोपी घातली. दोन विल्बर्थ आले, ताटल्या उचलल्या, हसले आणि गेले. परत आले ते अंबाडीच्या लाल सरबताचा आणखी एक जग घेऊन. मी घसा खाकरला. त्यांना वाटलं मला उकडतंय, त्यांनी पंख्याचं तोंड आमच्याकडे वळवलं.

"रागावलेत," सिग्ने कुजबुजली. "फरशी घाण केली म्हणून. मुद्दाम थांबवून ठेवलंय आपल्याला."

"रागावलेला माणूस सरबत का देईल?"

"मग विचार ना तू. तुला येते ना त्यांची भाषा?"

येत होती. तो शब्दही मला येत होता. पण शब्द येणं वेगळं आणि तो तोंडाबाहेर काढणं वेगळं. समोरचा माणूस दोन हातांत सहा ताटल्या घेऊन चाललाय, त्याला मी बिल आण म्हणू? पैसे ठेवून उठावं, तर किंमत कुठे लिहिलेली नव्हती. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, आमच्याकडे तर ती घरची मालकीण आहे. मी सरबत ओतून घेतलं.

तोवर खानावळ भरायला लागली होती. समोरच्या गॅरेजमधले, बँकेतले, शाळेतल्या दोन बाई. जेवून उठलेला प्रत्येक जण दाराकडे जाताना आमच्या टेबलापाशी मान झुकवून "प्रोवेचो" म्हणत होता. जेवण अंगी लागो, एवढाच त्याचा अर्थ, ओळख असो नसो, जेवणाऱ्याला म्हणायचं. ओटोने ते चार-पाचदा ऐकलं आणि आईला विचारलं, ते काय म्हणतात. तिने सांगितलं.

"पण आपण जेवत नाहीये."

"नाही."

"मग आपल्याला कशाला?"

ओटोने थोडा विचार केला, खुर्चीवरून उतरला, शेजारच्या टेबलावर एक जाडजूड मेकॅनिक घास घेत होता त्याच्यासमोर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात "प्रोवेचो" म्हणाला. मेकॅनिकने घास खाली ठेवून अगदी गंभीरपणे आभार मानले. मग आणखी एक टेबल झालं, मग शाळेतल्या बाई झाल्या. कोणी त्याचा गाल ओढला नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठ्या माणसाला द्यावं तसं सगळ्यांनी उत्तर दिलं. सगळी टेबलं संपवून तो परत आला, आईच्या मांडीवर चढला आणि दोन मिनिटांत झोपला. आदल्या रात्री तो तरी कुठे झोपला होता?

आता तर उठायची सोयच उरली नाही. झोपलेल्या ओटोला उठवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण दारात दोन माणसं टेबल रिकामं व्हायची वाट बघत होती आणि सिग्नेचा जीव खालीवर होत होता. ती त्याला तसंच उचलून उभी राहायला लागली, तर दोन्या गेल्मींनी स्वयंपाकघरातूनच हाताचा तळवा खाली दाबून खूण केली. बस. मग त्या स्वतः आल्या. दोन खुर्च्या समोरासमोर जोडल्या, आतून आपली उशी आणून ठेवली, ओटोला सिग्नेच्या हातांतून घेतलं आणि त्या उशीवर निजवलं. दारातली दोन माणसं गॅरेजवाल्यांच्या टेबलावर अंग चोरून बसली.

सिग्नेची मांडी रिकामी झाली. हात रिकामे झाले. पाच मिनिटं ती तशीच ताठ बसली, मग हळूहळू खुर्चीला टेकली. टोपलीत मक्याची एक पोळी उरली होती, ती तिने मीठ लावून खाल्ली. आम्ही बोलत बसलो. काय बोललो? शेजारच्या अर्नीचं बर्फ काढायचं यंत्र, मार्लिसची मांजर, असलंच काहीतरी. पण ओटो झाल्यापासून आम्ही दोघं एका टेबलाशी इतका वेळ बसलोच नव्हतो. तिकिटांचा विषय तिने काढला नाही. मला बिलाचा विसर पडला असं म्हणत नाही, पण त्याची टोचणी कमी झाली. मला बरं वाटत होतं. चांगलंच बरं वाटत होतं.

तीनला खानावळ रिकामी झाली. दोन विल्बर्थनी दार अर्धं लोटलं, आणि घरची माणसं स्वयंपाकघराजवळच्या मोठ्या टेबलावर जेवायला बसली. दोन्या गेल्मी, दोन विल्बर्थ आणि पोळ्या करणाऱ्या दोघी. त्यांचं वाढणं आमच्यासारखं नव्हतं. घेवडा एका भांड्यात, मटण दुसऱ्या ताटात, भात वेगळा. मुळा एका वाटीत, कांदा एका, कोथिंबीर एका, लिंबाच्या फोडी एका, अवोकाडो एका. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. परदेशी माणसाला यातलं काही जमत नाही, तो गोंधळतो, म्हणून तुम्हाला सगळं एकत्र करून दिलं, असं दोन विल्बर्थनी मला नंतर सांगितलं.

तेवढ्यात ओटो जागा झाला. गालावर उशीचे वळ, केस कपाळाला चिकटलेले. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. माणसं जेवत होती आणि काय म्हणायचं ते त्याला माहीत होतं. तो थेट मोठ्या टेबलापाशी गेला आणि झोपेने बसलेल्या आवाजात "प्रोवेचो" म्हणाला.

चौघांनी आभार मानले. दोन्या गेल्मींनी बसल्या जागेवरून पायाने एक खुर्ची बाहेर ओढली.

"बस, माझ्या राजा. नुसतं म्हणून पोट भरत नाही."

शब्द त्याला कळले नसतील, खुर्ची कळली. तो चढून बसला. त्याच्यापुढे त्यांनी एक रिकामी ताटली आणि एक चमचा ठेवला. दुसरं काही ठेवलं नाही.

सिग्ने पिशवी घेऊन अर्धवट उठलीच होती. दोन्या गेल्मी मान न वळवता मला म्हणाल्या, "तुझ्या बायकोला सांग, रस्त्याकडे तोंड करून बस म्हणावं. कोणी असं तोंडाकडे बघत बसलं, तर मला तरी घास उतरेल का?"

मी सांगितलं. सिग्नेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही कल्पना माझीच असावी. मग तिने खुर्ची उचलली, वळवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. हात मांडीवर, पाठ ताठ. मीही वळलो. पण माझ्या समोर तो पेयांचा फ्रिज होता आणि त्याच्या काचेत मोठं टेबल अख्खं दिसत होतं. हे मी दोन्या गेल्मींना सांगितलं नाही.

ओटो वाट्यांकडे बघत होता. एकेक वाटी. काहीही कशाला लागलेलं नव्हतं. तिकडे दोन विल्बर्थ बेसबॉलवरून कोणालातरी मूर्ख ठरवत होते आणि बोलता बोलता जो तो हात पुढे करून आपल्याला हवं ते उचलत होता. ओटोकडे कोणी बघत नव्हतं.

"काय करतोय?" सिग्नेने ओठ न हलवता विचारलं.

"बघतोय."

"आणि आता?"

"मुळा उचलला."

"खोटं बोलू नकोस."

"चावला. ठेवला. परत उचलला."

दोन विल्बर्थनी न बघताच भाताचं भांडं थोडं पुढे सारलं.

"भात," मी म्हणालो. "स्वतः वाढून घेतला. नुसता."

"किती?"

"तीन चमचे. थांब. त्याने दुसरं भांडं ओढलं. घेवडा. वेगळा घेतलाय, ताटलीच्या दुसऱ्या टोकाला."

"काळा घेवडा?"

"काळाच. खाल्ला. अजून घेतोय."

"मटण?"

"आता तेवढं मागू नकोस."

तिचे खांदे हलायला लागले. हसतेय असं मला वाटलं, पण ती रडत होती, आणि मग हसतही होती. रस्त्याकडे तोंड करून, आमची शिकवण मोडू नये म्हणून आवाज न करता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "वाईट नाही चाललंय" असं या वेळी मी म्हणालो नाही.

थोड्या वेळाने दोन्या गेल्मी जेवून उठल्या आणि हात पुसत आमच्यापाशी आल्या. मी आधी उभा राहिलो, मग टोपी काढली, मग माफी मागितली. तुमचं टेबल अडवून ठेवलं, फरशी घाण केली, मूल झोपवलं. बिल काही आलं नाही, तेव्हा आम्हाला वाटलं तुम्ही रागावलात.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "न मागता बिल कसं आणू? पाहुण्याला ऊठ म्हणू का मी?" त्या म्हणाल्या. "तुम्ही मागेनात. म्हटलं, बरं वाटतंय यांना इथे, बसू देत. पोर झोपलं तेव्हा तर माझी खात्रीच झाली. तुम्ही काय, मी बिल आणायची वाट बघत होतात?"

"एक वाजल्यापासून," मी कबूल केलं.

त्यांनी ते ओरडून आत भावाला सांगितलं. दोन विल्बर्थ इतके हसले की त्यांना खोकला लागला. ओटोनेही काही न कळता त्यांच्याबरोबर हसून घेतलं, तोंडात भात असताना.

मी सगळं सिग्नेला सांगितलं. तिने डोळे पुसले. एकदा रिकाम्या बिस्किटांच्या पाकिटाकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि मग, तिला परवानगी नसतानाही, वळून मुलाकडे. तो लिंबाची फोड चाटून तोंड वाकडं करत होता आणि पुन्हा चाटत होता.

आता कसं वागायचं ते मला कळलं होतं. भीड चेपली होती. मी बिल मागायला हात वर केला, पुरता खांद्याच्या वर. सिग्नेने माझं मनगट धरलं आणि हात खाली टेबलावर आणून ठेवला.

"इतक्यात नको," ती म्हणाली. "त्यापेक्षा मंगळवारी इथे काय शिजतं, ते विचार."